इन्स्पेक्टरांचा डावा हात

"बदला," टीचरने टाळी वाजवली आणि गोलातल्या सगळ्या बायका एकेक जोडीदार पुढे सरकल्या. सिस्टरने मान न वळवता मनात मोजलं. आता दातांचे डॉक्टर, मग तो उंच विमावाला, मग बँकेतले जाडे आणि मग इन्स्पेक्टर. म्हणजे अजून तीनदा 'बदला'.

दातांच्या डॉक्टरांचे तळवे कायम घामेजलेले असत. चुकले की ते स्वतःच्याच पायांकडे इतक्या रागाने बघत, की सिस्टरला हसू दाबावं लागे.

"सॉरी हं, सिस्टर."

"अहो, चालायचंच. तुम्ही नाचा, मी आहे ना."

खरं तर ती सिस्टर नव्हतीच. हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात ती सव्वीस वर्षं मदतनीस होती. शेकायच्या पिशव्या गरम करायच्या, आखडलेल्या बोटांसाठी मेण पातळ करून ठेवायचं, खांदा धरलेल्या माणसांना भिंतीवरच्या कप्पीची दोरी ओढायला लावायची. आणि रोज पंचवीस-तीस जणांच्या हातात पकड मोजायचं यंत्र देऊन म्हणायचं, "दाबा. अजून दाबा. जोर लावा जरा, घरी बायकोवर ओरडताना लावता तेवढा." क्लासच्या पहिल्या दिवशी ती ड्यूटीवरून तशीच, पांढऱ्या बुटांत आली. कुणीतरी सिस्टर म्हणालं. दोनदा तिने दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा नाद सोडला.

वय बावन्न. राहायला भाऊ-वहिनीकडे, मागच्या खोलीत. लग्न राहून गेलं. का राहिलं असं कुणी विचारलं की ती म्हणे, "घाईत होते." वडील अकरा वर्षं अंथरुणावर होते आणि त्या अकरा वर्षांत घरातल्या कुणालाच दुसरं काही सुचलं नाही, हे सांगत बसण्यापेक्षा ते बरं. तिचे हात दिवसभर लोकांच्या अंगाला लागत. तिच्या अंगाला मात्र वर्षानुवर्षं कुणाचा हात लागला नव्हता. हे तिला स्विंगच्या क्लासमध्ये पहिल्यांदा कळलं. एका अनोळखी माणसाने नियमाप्रमाणे तिच्या पाठीवर तळवा टेकवला आणि तिचे डोळे एकदम भरून आले. तिने घाम पुसल्यासारखं केलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

वहिनीचं म्हणणं पडलं, "या वयात उड्या मारा, गुडघे फोडून घ्या आणि जा आपल्याच खात्यात पेशंट म्हणून." पण गुरुवारी आणि शनिवारी रात्रीची भांडी वहिनीच घासून ठेवी. बोलायला तिखट, मनाने चांगली होती.

स्विंग हा जोडीचा नाच. एकाने न्यायचं, त्याला म्हणायचं लीडर. दुसऱ्याने त्याच्या मागोमाग जायचं, ती फॉलोअर. तोंडाने बोलायचं नाही. लीडरच्या डाव्या हातात फॉलोअरचा उजवा हात असतो आणि सगळं काय ते त्या दोन हातांमधून समजतं. हात जरा मागे गेला तर मागे, वर उचलला तर त्याच्याखालून गिरकी. टीचर होती अठ्ठावीस वर्षांची, वेताच्या छडीसारखी बारीक, पण आवाज खणखणीत. तिचे दोन नियम होते. पुरुषांना ती ओरडे, "हात हलका ठेवा. दळण आणायला आला नाहीत." आणि बायकांना सांगे, "समोरचा चुकला तर थांबायचं नाही. तीच खरी स्टेप समजून पुढे जायचं. चांगली फॉलोअर कोण? जिच्याबरोबर नाचताना लीडरला वाटतं, आपल्याला नाच येतो."

सिस्टर या दुसऱ्या नियमात पहिल्या नंबराने पास झाली. होणारच. कोणाचा पाय लटपटतो, कोणाचा खांदा अर्ध्यातच अडकतो, हे ओळखून आधीच हात पुढे करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं.

आणि शनिवार. शनिवारी क्लास नसे, नुसता नाच. संध्याकाळी पाच ते आठ, हॉलच्या एका कोपऱ्यात चहाचं भांडं, बिस्किटं, आणि कुणीही कुणालाही विचारायचं. नाही म्हणायची पद्धत नव्हती. एकाच माणसाबरोबर लागोपाठ दोनपेक्षा जास्त गाणी नाचायची नाहीत, अशीही एक पद्धत होती. कुणी भिंतीला टेकून राहू नये म्हणून. कुणाचा वाढदिवस असला की त्याला मध्ये उभं करत आणि एकाच गाण्यात सगळे आळीपाळीने त्याच्याबरोबर चार-चार पावलं नाचून जात. सिस्टरच्या बावन्नाव्या वाढदिवशी सतरा जण नाचून गेले. घरी येऊन ती वहिनीला म्हणाली, "सतरा जण होते." वहिनी म्हणाली, "एवढ्यांतला एक घरी घेऊन यायचा." दोघी खूप हसल्या. पण सिस्टरच्या मनात तेव्हा एक होताच.

इन्स्पेक्टर वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. कुणाच्या पारड्याखाली काय चिकटवलंय, कुणाचा काटा कुठे झुकवलाय, हे ते दारातूनच ओळखत. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एक बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. क्लासला का आलात, असं टीचरने विचारलं तेव्हा म्हणाले, "बातम्या देणाऱ्या बाईला मी घरात बसून उत्तरं द्यायला लागलो होतो. म्हटलं, आता माणसांत गेलेलं बरं."

पहिले सहा महिने इन्स्पेक्टर म्हणजे शिक्षा होती. हात असा धरायचे की जणू सिस्टर पळून जाईल. गिरकी द्यायची म्हणजे मनगट पिरगाळायचेच. घरी आल्यावर ती त्याच मनगटाला शेक देत बसायची. पण माणूस तोंडाने इतका सभ्य, इतका नेमका, की राग यायचा नाही. "लागलं का?" "नाही हो." "खरं सांगा." "थोडं लागलं." "मग तसं म्हणा."

मग एका शनिवारी काहीतरी बदललं. तो शनिवार तिच्या डोक्यात पक्का बसला होता. भाचीच्या परीक्षेचा शेवटचा पेपर आदल्याच दिवशी झाला होता. इन्स्पेक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि तो हात हलका होता. ओढत नव्हता, पिरगाळत नव्हता. गिरकी येणार हे तिला त्यांच्या हातातून नाही, त्यांच्या श्वासावरून कळलं आणि ती वळली. त्यांचा हात अजून वर यायचा होता, तेवढ्यात ती त्याच्याखालून फिरून समोर आलीसुद्धा. दोन गाणी झाली. पद्धतीप्रमाणे सुटं व्हायचं, तर ते दोघं चहाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. इन्स्पेक्टर कपात बघत म्हणाले, "सिस्टर, आयुष्यात एक गोष्ट मला नीट जमली म्हणायची. ही."

त्या दिवशी ती बसमध्ये बसलीच नाही. घरापर्यंत चालत गेली. माणूस न सांगता कळतो म्हणजे काय, हे तिला या वयात कळलं होतं, आणि ती सुखाने अगदी वेडी झाली होती.

पुढे तो हात आणखी हलका होत गेला. टीचरने एकदा सगळ्या पुरुषांना थांबवून दाखवलं, "इन्स्पेक्टरांचा डावा हात बघा. आहे की नाही कळत नाही. याला म्हणतात लीड." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इन्स्पेक्टर लाजले. मधूनमधून ते चुकत, हात उचलायचाच राहून जाई, आणि सिस्टर ते सांभाळून घेई. बाकीच्या बायकाही घेत. शर्टाची बटणं ते हल्ली वरखाली लावून येत, ती मनात म्हणाली, लक्ष नसतं. पिशवी नेहमी उजव्या हातात धरत, ती म्हणाली, सवय. कप एकदा हातातून निसटला, तो तिनेच पुसून काढला. चुकणारे लीडर टीचर परत नवशिक्यांच्या बुधवारच्या वर्गात पाठवी, आणि इन्स्पेक्टर बुधवारी गेले असते तर गुरुवार कशासाठी होता?

आठ महिने असे गेले. ती वाट बघत होती, दुसरं काय. ते एक दिवस म्हणतील, सिस्टर, बाहेर कुठेतरी भेटू या. तिने हो म्हणायचं ठरवलं होतं. वहिनीला काय सांगायचं तेही ठरवून झालं होतं.

मग एका गुरुवारी इन्स्पेक्टर आले नाहीत. शनिवारी नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. सोमवारी सकाळी साडेदहाला ती विभागात मेणाचं भांडं तापवत होती, आणि दारात बहिणीचा हात धरून इन्स्पेक्टर उभे. डाव्या पायावर बँडेज.

"किटली पडली," बहीण म्हणाली. "पायावर उकळतं पाणी. आमचे डॉक्टर म्हणाले, मानेची नस दबली असेल, हाताला व्यायाम द्या. म्हणून चिठ्ठी दिली इथली."

"सिस्टर," इन्स्पेक्टर खूश होऊन म्हणाले, "तुम्ही खरंच सिस्टर आहात की काय?"

तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. यंत्र आधी उजव्या हातात दिलं. "दाबा." बत्तीस किलो, वयाच्या मानाने झकास. मग डाव्या हातात दिलं.

"दाबा."

"दाबलं."

काटा सातावर होता. तिने यंत्र बाजूला ठेवलं, स्वतःची दोन बोटं त्यांच्या तळव्यात दिली, आणि कामावर म्हणते तसं म्हणाली, "आवळा." त्यांनी आवळली. म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं की आवळताहेत. तो स्पर्श तिच्या ओळखीचा होता. हाच तो हलका हात. असे हात ती सव्वीस वर्षं बघत होती, पक्षाघाताचे, मेंदूच्या मारांचे, आणि प्रत्येक वेळी पहिल्या स्पर्शात ओळखत होती.

"मान नाही ही," ती म्हणाली, आणि विभागाच्या मुख्य, मोठ्या मॅडमना बोलवायला गेली.

दोन दिवसांत फोटो निघाले. मेंदूच्या डॉक्टरांकडे फाईल घेऊन तीच गेली, कारण इन्स्पेक्टर म्हणाले, "या तुम्हीही. ओळखीचं माणूस असलं की बरं वाटतं." मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. डॉक्टरांनी फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि विचारलं, "हाताचा त्रास कधीपासून?"

"पंधरा दिवस," बहीण म्हणाली. "किटली पडली तेव्हापासून."

"पंधराच दिवस? नीट आठवून सांगा. गाठ भराभर वाढलीय की सावकाश, त्यावर पुढचं सगळं ठरतं."

"पंधराच," इन्स्पेक्टर म्हणाले. "त्याआधी काही नव्हतं. अहो डॉक्टर, मी नाचतो. दर शनिवारी तीन-तीन तास. टीचरने माझा हात वर्गाला दाखवला होता." आणि ते तिच्याकडे वळले. "विचारा यांना. यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

तिघं तिच्याकडे बघत होते. इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावर त्या शनिवारी चहाच्या टेबलापाशी होता तोच आनंद होता. हो म्हणून टाकावं, असं तिला वाटलं. जीव तोडून वाटलं.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने आणि दहा दिवस."

"इतकं नेमकं?" डॉक्टर म्हणाले.

"हो. शनिवार होता." ती म्हणाली. "त्या दिवशी हात पहिल्यांदा उशिरा आला. नंतर तो येईनासाच झाला. मी अंदाजाने वळायचे. बाकीच्या बायकाही सांभाळून घ्यायच्या. आमच्यात तसं करतात."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग म्हणाले की अशी सावकाश वाढणारी गाठ सुरुवातीला सापडली, तर काढता येते. आता ती नको त्या जागी शिरलीय, तिथे सुरी लावता येणार नाही. "सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर," ते म्हणाले आणि वाक्य तसंच सोडून दिलं. एवढं शिकलेला माणूस, पण हे काही त्याने बरं केलं नाही. असली वाक्यं ऐकणारा जन्मभर पुरी करत बसतो.

बाहेर ते दोघं बाकावर बसले, बहीण औषधांच्या खिडकीकडे गेली. मग इन्स्पेक्टर म्हणाले, "म्हणजे नाचत कोण होतं?"

"आपण दोघं."

"असं नको. मी विचारतो तेवढंच सांगा. गिरकीसाठी मी हात उचलायचो, तेव्हा तो उचलला जायचा का?"

"कधी कधी."

"आणि नाही उचलला की?"

"मी वळायचे."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. "पस्तीस वर्षं दुकानदारांना विचारत आलो, पारड्याखाली हे काय चिकटवलंय. एकानेही हे उत्तर दिलं नाही." ते हसले नाहीत. बहीण आल्यावर तिचा खांदा धरून, सिस्टरकडे न बघता, ते निघून गेले.

त्यानंतर ती क्लासला गेली नाही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "तू काय डॉक्टर आहेस का? मनाला लावून घेऊ नकोस." पण मोठ्या मॅडमना माहीत नव्हतं की ती त्या आठ महिन्यांत किती सुखात होती. तिच्या सुखाचा पहिला दिवस आणि त्यांच्या दुखण्याचा पहिला दिवस एकच होता. हे कुणाला सांगणार? वहिनीने दोनदा विचारलं, "उड्या बंद का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही, जेवणाचं ताट मागच्या खोलीत आणून दिलं.

महिन्याने इन्स्पेक्टरांच्या बहिणीचा फोन आला. "तो बोलावतोय तुम्हाला. जेवत नाही, औषध नाही, नुसता भिंतीकडे बघतो. आज सकाळी म्हणाला, त्यांना बोलवा."

ती दुपारची सुट्टी टाकून गेली. दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. इन्स्पेक्टर खुर्चीत होते, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. बटणं बहिणीने लावली असावीत, नीट होती. डावा हात मांडीवर ठेवून दिलेला. बहीण चहा टाकायला आत गेली.

"बसू नका," ते म्हणाले. "एक काम आहे. पण आधी त्या दिवशी विचारलेलं परत विचारतो. का वळायचात? मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला पटलेलं नाही."

तिने पर्स दोन्ही हातांनी धरली होती. आता उरलंच काय होतं लपवायला?

"टीचर तुम्हाला बुधवारच्या वर्गात पाठवेल अशी भीती वाटायची," ती म्हणाली. "मग गुरुवारी तुम्ही नसता. मला तुम्ही हवे होतात. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी वळत होते मी."

इन्स्पेक्टर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"हे आधी सांगायचं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मीही काही बोललो नाही म्हणा. म्हटलं, अजून जरा नीट नाचता येऊ दे, मग विचारू."

ते उजवा हात खुर्चीच्या पाठीवर रेटून उठले. डावा पाय जरा फरफटला, पण उभे राहिले, ताठ. "माझा हात घ्या. डावा. उजव्याने मी खुर्ची धरलीय, तो मध्ये यायचा नाही. मी मोजतो आणि गिरकी देतो. मी दिली तरच वळायचं. नाही दिली तर हलायचं नाही. इतकं तरी मला खरं बघू दे."

तिने पर्स खाली ठेवली. त्यांचा हात मांडीजवळून उचलून आपल्या हातात घेतला. गार होता, आणि नुसत्या हाताचंच वजन त्यात होतं.

"एक," इन्स्पेक्टर म्हणाले. "दोन. तीन."

चारला गिरकी. तिला माहीत होतं. त्यांनी श्वास घेतला तोही तिने ऐकला, मानेची शीर ताठ झालेली पाहिली. तिचं सगळं अंग वळायला निघालं, पोटऱ्यांपर्यंत. तिने टाचा जमिनीत रोवल्या.

"चार." ते थांबले. "आलं का काही?"

"नाही."

"खरं सांगा."

"काही आलं नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. ती हलली नाही. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिच्या गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत येत होतं, ते पुसायला हात मोकळा होता, पण तिने तोही हलवला नाही.

बहीण चहा घेऊन दारात आली. दोघं एकमेकांचा हात धरून, समोरासमोर, अगदी स्तब्ध उभे होते.

"हे काय, अजून सुरू नाही केलंत?" ती म्हणाली.

"करतोय," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि परत एकपासून मोजायला लागले.